पंपातलं साधं पाणी

मला बंद पडलेलं इंजिन दिसलं की हात शिवशिवतात. मी काही मेकॅनिक नाही. आयटीआयला नंबर लागला नाही म्हणून शेतीत राहिलो, आणि तो राग मी वीस वर्षं लोकांच्या इंजिनांवर काढतोय, असं दैवशाला, माझी बायको, म्हणते. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

कुंभार पिंपळगावपासून चार किलोमीटरवर आमची वस्ती आहे. वस्ती म्हणजे शेतातलं घर, एक मोठा लिंब, दोन म्हशी आणि घराला लागून रेशमाची शेड. लिंबाखाली माझं दुकान. दुकान म्हणजे एक गोणपाट आणि पान्यांचा डबा. आजूबाजूचे लोक काही बिघडलं की आधी माझ्याकडे आणतात, कारण मी पैसे घेत नाही आणि मी आणखी बिघडवून ठेवलं तर मला तोंडावर शिव्या देता येतात. जालन्याच्या मेकॅनिकला तशा देता येत नाहीत.

शिव्या मी पोटभर खाल्ल्यात. पहिल्यांदा आमच्याच पॉवर वीडरचा, म्हणजे तण काढायच्या यंत्राचा, कार्बोरेटर खोलला, तर त्यातली एक बारीक स्प्रिंग उडून कडब्यात गेली. मी म्हटलं, स्प्रिंग ती स्प्रिंग, आणि बॉलपेनातली काढून बसवली. यंत्र चालू झालं ते थांबायलाच तयार नाही. मला ओढत थेट गोठ्याच्या भिंतीत घुसलं. तेव्हापासून मी खाली पांढरं धोतर अंथरल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावत नाही. मग एकाच्या गवत कापायच्या मशीनमध्ये नुसतं पेट्रोल भरलं, त्यात ऑइल मिसळावं लागतं हे माहीतच नव्हतं. पिस्टन जागच्या जागी जाम झाला. पुढं एका जनरेटरची रिंग उलटी बसवली आणि तो ज्या हळदीला गेला, तिथली नवरी धुरानं खोकून खोकून रडली. पण एक सांगतो, जी चूक केली ती पुन्हा कधी केली नाही. ह्या गोष्टीचा मला चांगलाच माज होता.

शेड मात्र दैवशालाची. तिथं माझं काही चालत नाही. दारात चुना, चुन्यात पाय बुडवायचे, साबणानं हात धुवायचे, तंबाखू खाऊन आत यायचं नाही. डासांची अगरबत्तीसुद्धा आमच्या घरात तीन वर्षं लागलेली नाही. रेशमाच्या अळीला औषधाचा वारा सोसत नाही. औषध म्हणजे आपण पिकावर मारतो ते विष, त्याला आपण औषध म्हणतो. तिच्या अळ्यांसाठी मी कपाशी लावायची सोडली. तुती लावली आणि रोज फांद्या कापून द्यायला लागलो.

आधीच्या बॅचा तिनंच पिकवल्या, पण कोष घेऊन जालन्याच्या बाजारात दरवेळी मी गेलो. नाव माझं, सही माझी. घरी आल्यावर ती विचारायची, "काय म्हणले लोकं? हातात घिऊन बघितले का? दाबून बघितले का?" आणि मी म्हणायचो, "चांगले हायेत म्हणले." मला त्यापुढं काही आठवायचं नाही. या बॅचच्या आधी तिनं स्वतःच्या नावानं नोंद करून घेतली. मला एवढंच सांगितलं, "या बारीला कोष घिऊन मी जाणार. तुम्ही म्हशी बघा." टेम्पोवाल्याला फोनही तिनंच केला. लोक तिचे कोष हातात घेऊन काय बोलतात, हे तिला तिच्या कानांनी ऐकायचं होतं. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

दोनशे अंडीपुंजांची बॅच होती, म्हणजे ऐंशी-नव्वद हजार अळ्या. शेवटच्या आठवड्यात त्या नुसत्या खातात. दिवसातून तीनदा फांद्या टाकाव्या लागतात आणि त्यांच्या खाण्याचा आवाज दारातून ऐकू येतो. त्यातला एकच दिवस गेला होता. अजून सहा दिवसांनी त्या कोष विणायला लागल्या असत्या.

अशात रविवारी सकाळी राजानंद त्याचा फवारणीचा पंप घेऊन आला. रस्त्यापलीकडं त्याची कपाशी आहे. पाठीवर घ्यायचा पेट्रोलचा पंप, वर औषधाची टाकी, खाली इंजिन.

"कल्याणभाऊ, सुरू व्हतो अन् दोन मिंटात बंद पडतो," तो म्हणाला. "कपाशीवर मावा आला. जल्दी करून द्या."

दैवशाला शेडच्या दारातूनच ओरडली, "भाऊजी, त्यो पंप आपल्या आवारात नको! औषधाचा हाय त्यो."

"वहिनी, धुवून आणलाय. दोन पाण्यानं धुतला."

"मंग इंजिन काढून ठिवा अन् टाकी घरी न्या."

मला हसू आलं. इंजिन आणि टाकी एकाच सांगाड्यावर असतात, इंजिन चालवून बघायचं तर सगळं एकत्र लागतं. मी तिला तसं सांगितलं, जरा मोठ्या आवाजात, राजानंदसमोर. "इंजिन बिघडलंय, औषधाचं काय त्यात? लिंबाखाली ठेवतो, शेडीपासून लांब हाय."

ती आत गेली. मला वाटलं, पटलं तिला.

पुढचे तीन दिवस त्या पंपानं माझा जीव खाल्ला. पहिल्या दिवशी प्लग काढून घासला, नवा टाकला. चालू झाला, दोन मिनिटांत बंद. दुसऱ्या दिवशी धोतर अंथरून कार्बोरेटर खोलला, एकेक भोक फुंकून काढलं. चालू झाला, दोन मिनिटांत बंद. सायलेन्सर काढून आतली काजळी खरवडली, पेट्रोलची नळी बदलली. तेच. राजानंद दोनदा येऊन पंपाकडे आणि माझ्याकडे बघून गेला. मंगळवारी रात्री जेवताना दैवशालानं विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "व्हईन." ती म्हणाली, "आपले तीन दिवस राह्यले." ती अळ्यांचं बोलत होती. मी पंपाच्याच विचारात होतो.

बुधवारी सकाळी इंजिन पुन्हा बंद पडलं आणि मी वैतागून पेट्रोल किती उरलंय बघायला टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स आवाज झाला. मी तसाच थांबलो. झाकण उघडं ठेवून दोरी खेचली, एका खेचीत चालू. दोन मिनिटं गेली, पाच गेली, चालूच. झाकणाला हवा आत घ्यायला एक बारीक भोक असतं. ते मातीनं बुजलेलं होतं. हवा आत जात नव्हती म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. तीन दिवस मी सगळं खोललं, आणि काम होतं सुईच्या टोकाचं. दैवशालाच्या शिवणाच्या डब्यातली सुई आणून भोक मोकळं केलं.

मला किती आनंद झाला, हे आता लिहायलाही लाज वाटते.

पण नुसतं उभं ठेवून चालवून उपयोग नव्हता. पाठीवर घेऊन, टाकी भरून, पाणी मारत अर्धा तास चालला तरच खरं. मी हौदातलं पाणी टाकीत भरलं. तीन दिवसांत त्या इंजिनाचा स्क्रू न् स्क्रू मी खोलला होता, पण औषधाच्या टाकीत एकदाही डोकावलो नव्हतो. तिचा पाइप, तिची जाळी, तिचा तळ, काही बघितलं नाही. ते माझ्या कामात येतच नव्हतं. वास आला असता म्हणाल, तर माझ्या नाकात तीन दिवसांचं पेट्रोल होतं.

पंप पाठीवर घेऊन रस्त्याकडं निघालो. रस्त्याच्या कडेच्या तुतीवर कायम फुफाटा बसतो. ट्रॅक्टर गेला की पानं पांढरी होतात. तसा पाला अळ्या नीट खात नाहीत म्हणून दैवशाला त्या ओळींचा पाला बादलीत बुडवून धुते, तिची कंबर धरते. मनात आलं, पाणी मारायचंच आहे तर वाया कशाला घालायचं? मी त्या आठ ओळी शेंड्यापासून बुडापर्यंत धुवून काढल्या. दोन टाक्या लागल्या. इंजिन एकदाही अडखळलं नाही. पानं अशी हिरवीगार निघाली की मी उभा राहून बघत बसलो. तिला सांगितलं नाही. म्हटलं, कापायला येईल तेव्हा बघेल.

संध्याकाळी राजानंद पंप घेऊन गेला. "खर्चा किती झाला?" विचारलं, मी हात हलवला. त्याच वेळी दैवशाला फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन शेडकडे चालली होती.

"आज रस्त्याकडचा पाला काय स्वच्छ हाय, अवो," ती म्हणाली. "धुवायची गरजच न्हाई. समद्या रॅकला ह्योच टाकते."

मी नुसता हसलो. पाला शेवटी कमी पडला म्हणून कोपऱ्यातल्या एका खणाला तिनं सकाळच्या उरलेल्या फांद्या घातल्या. बाकी सगळ्या अळ्यांना माझी धुतलेली पानं मिळाली.

सकाळी मी म्हशी पिळत होतो. तिनं हाक मारली ती नेहमीची नव्हती. नुसतं "अवो" म्हणाली आणि थांबली. मी हात धुतले, चुन्यात पाय बुडवले आणि आत गेलो.

शेडमध्ये आवाज नव्हता. रॅकवर अळ्या अर्धं अंग वर उचलून मान इकडून तिकडे हलवत होत्या, सगळ्याच्या सगळ्या. काही खाली पडून आखडल्या होत्या. तोंडाशी हिरवं पाणी. पाला तसाच पडलेला, कडा कुरतडलेल्या. दैवशाला एकेक अळी उचलून तळहातावर घेत होती आणि परत ठेवत होती.

"ओकून राह्यल्या," ती म्हणाली. "हे औषध हाय."

तिनं रेशीम कार्यालयातल्या मॅडमना फोन लावला. स्पीकरवर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. पाला काढून टाका, ताजा घाला, हवा खेळती ठेवा म्हणाल्या. दैवशालानं विचारलं, "अन् त्याच्यानं बऱ्या व्हतील का?" मॅडम म्हणाल्या, "ताई, ज्यांनी खाल्लं त्यांच्यासाठी आपल्याकडे काही नाही."

आम्ही पाला काढायला लागलो. कोपऱ्यातल्या त्या एका खणाशी दैवशाला थांबली. तिथल्या अळ्या नीट होत्या, खात होत्या.

"ह्या खणाला रस्त्याकडचा पाला न्हवता," ती म्हणाली.

मला तिथंच कळलं. तोंड उघडायला तीच वेळ होती आणि मी उघडलं नाही. हातातल्या फांद्या घट्ट धरून उभा राहिलो.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून पंपाचा आवाज आला. एका खेचीत सुरू झालेला, एकसारखा, कुठंही न अडखळणारा. तो आवाज माझ्या हातचा होता. दैवशालानं मान वर केली, पदर खोचला आणि रस्त्याच्या दिशेनं निघाली. मी मागून गेलो. तिला थांबवायला हवं होतं. बांधापर्यंत चाललो, रस्ता ओलांडला, आणि तिच्या मागंच राहिलो.

"भाऊजी!" ती कपाशीच्या कडेला उभी राहून ओरडली. "काल रस्त्याकडं औषध मारलं का तुम्ही? माझ्या समद्या अळ्या मरून राह्यल्या!"

राजानंदनं इंजिन बंद केलं. तोंडावरचा गमछा खाली ओढला. तो घाबरला होता.

"वहिनी, आईशप्पथ न्हाई. मी आत्ता कुठं पहिला पंप भरला. अन् काल मारणार कशानं? पंप तर संध्याकाळपर्यंत तुमच्याच घरी व्हता."

दैवशालानं माझ्याकडे वळून बघितलं. तिला सांगायची गरज उरली नव्हती, तरी मी सांगितलं.

"मी मारलं. पाणी व्हतं. साधं पाणी. पानावरला फुफाटा जावा म्हणून."

"भाऊ, मी धुतला व्हता," राजानंद म्हणाला. "पण पाइपात, जाळीत राहतंच की थोडं. माणसाला त्यानं काही व्हत न्हाई."

मी वाट बघत होतो की ती बोलेल. तिनं शिव्या द्याव्यात, हातातलं काही फेकून मारावं, मी सगळं घ्यायला तयार होतो. शिव्या खायची मला सवय आहे. ती रस्ता ओलांडून शेडकडे गेली.

इंजिन बिघडलं की करायला काहीतरी असतं. प्लग बघा, नाही तर कार्बोरेटर बघा, ते नसेल तर आणखी काही. काहीच नाही जमलं तर पुन्हा पहिल्यापासून खोला. इथं मी रॅकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो आणि मला खोलायला काही नव्हतं. रस्त्यापासून लांबच्या, नदीकडच्या ओळींतून मी भारे भरून पाला आणला, घाम निथळेपर्यंत आणला. अळ्यांनी त्याला तोंड लावलं नाही. पंख्यानं वारा घातला. शेडवर पाणी मारलं, बादलीनं, हातानं. दैवशाला म्हणाली नाही की करा, आणि म्हणाली नाही की नका करू. दुपारपर्यंत मान हलवणाऱ्या अळ्या कमी झाल्या. संध्याकाळी टेम्पोवाल्याचा फोन आला, पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी येऊ विचारायला. टेम्पो तिनंच ठरवला होता, फोनही तिनंच घेतला. "नको," म्हणाली. "न्हाई येत." तो कारण विचारत राहिला, तिनं फोन ठेवला. नीट राहिलेल्या त्या एका खणातून पिशवीभर कोष निघाले असते. तेवढ्यासाठी जालन्याला कोणी जात नाही.

शुक्रवारी सकाळी मी तुतीच्या पलीकडं खड्डा घेतला. हे एक काम मला चुकल्याशिवाय येतं. गुडघ्याच्या वर खोल, तळाला चुना. दैवशाला शेडमधून टपं भरभरून आणत होती आणि खड्ड्यात ओतत होती. मी टप घ्यायला हात पुढं केला की ती टप दुसऱ्या कमरेवर घ्यायची. म्हणून मी फावडं धरून उभा राहिलो. आठ-नऊ टपं झाली. मग ती शेवटचं घेऊन आली आणि ओतता ओतता थांबली.

"ह्या अजून हलून राह्यल्या," ती म्हणाली.

मी बघितलं. टपाच्या तळाशी शे-दीडशे अळ्या होत्या. बारीक झालेल्या, रंग उतरलेल्या, पण डोकी हलत होती. एकीच्या तोंडातून धागा निघाला होता. ती वेळेआधीच विणायला बघत होती, पण धागा लावायला तिला कुठं काही सापडत नव्हतं.

दैवशालानं कालपासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

"तुम्ही सांगा. टाकू का थांबू?"

मॅडम काय म्हणाल्या ते मला पाठ होतं. ज्यांनी खाल्लं त्यांच्यासाठी काही नाही. थांबून एकही कोष होणार नव्हता, हे मला माहीत होतं आणि तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. 'टाक' एवढंच म्हणायचं होतं.

"थांब," मी म्हणालो.

तिनं ऐकलं. माझं ऐकून एवढं सगळं गेलं होतं, तरी तिनं ऐकलं. टप लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवलं, तुतीच्या कोवळ्या शेंड्याची दोन पानं तोडून आणली, पदरानं पुसली आणि अळ्यांच्या तोंडाशी धरली. मी शेजारी बसलो. रस्त्यापलीकडं राजानंदचा पंप चालू होता. ऊन डोक्यावर आलं तशी ती पानं सुकली, तिनं उठून दुसरी आणली, आणि ती पुसताना मला म्हणाली, "आता किती वेळ थांबायचं, ते बी सांगा."